सुगंधाबाईचा हात

१९७१च्या माघात मंदा पहिल्या बाळंतपणाला मुर्ध्याला माहेरी आली. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी तिच्या आईने, सुगंधाबाईने, तिला चटईवर निजवून पोट चाचपलं. सुगंधाबाई गावची सुईण. पोटावर तळहात ठेवून ती पोर किती शेराचं हे सांगे, आणि अख्खं गाव तिच्या हातावर विसंबून असे.

"तीन शेर भरला. अजून महिना हाय," ती म्हणाली. "आता अर्धी भाकर. पोर वाढला तं अडंल."

चुलीपाशी बसलेल्या सुनेने, शेवंतीने, हे ऐकलं. तीन वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात तिचं पोट चाचपून सासूने "चार शेर" सांगितलं होतं. मग अर्धी भाकर आणि पातळ पेज. नवरा धाकू मिठागरावर कामाला जाई आणि आईपुढे तोंड उघडत नसे. मुलगी झाली ती एवढीशी. तिला दूध ओढायची ताकद नव्हती. चौथ्या दिवशी ती गेली. सुगंधाबाई म्हणाली, "देवाची मर्जी." पुढच्याच आठवड्यात ती दुसऱ्या घरी पोट चाचपायला हजर. आपलं पाप देवाच्या नावावर ढकलणाऱ्या माणसांची मला चीड येते.

शेवंतीने मंदाला चार दिवस मुकाट अर्धी भाकर वाढली, आणि तिला मनातून बरं वाटलं. ते मी लपवणार नाही. म्हातारीचाच हुकूम, म्हातारीचीच पोर. लेकीची कूस रिकामी झाली की काय होतं ते कळू दे एकदा तिलाही.

पाचव्या दिवशी ती परसात गेली, तर मंदा कोंबड्यांसाठी ठेवलेली भाताची खरवड बोटांनी निपटून खात होती.

"वयनी, आयला नको सांगू," मंदा म्हणाली.

शेवंतीनेही त्याच परसात असंच केलं होतं. सूड तर तिला हवाच होता, पण या पोरीने तिचं काय बिघडवलं होतं? दुसऱ्या दिवशी ती मंदाला घेऊन भाईंदरच्या दवाखान्यात गेली.

तिथली नर्स आयरिन उत्तनची. तिने शिंप्यासारखी टेप लावून ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या टोकापर्यंत माप घेतलं, दोन्ही हातांनी पोराचं डोकं चाचपलं, महिने विचारले आणि कागदावर हिशेब मांडला.

"दोन किलो, म्हंजे सवादोन शेर बी न्हाय. अंदाज हाय, थोडा इकडंतिकडं व्हतो. पन पोर ल्हान हाय. हिला जेवायला घाल."

"पोट एवडा मोटा दिसतो तो?" शेवंतीने विचारलं.

"कुनाचा पोटातल्या पान्यानं बी दिसतो."

शेवंतीच्या बाळंतपणात पाण्याने सगळी चटई भिजली होती. म्हणजे चार शेर कधी नव्हतेच.

घरी येऊन तिने मंदापुढे दोन भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण ठेवलं. सुगंधाबाईने ताट ओढायला हात पुढे केला. शेवंतीने तिचं मनगट धरलं.

"पोर अडला तं?" सुगंधाबाईने विचारलं. तिची धाकटी बहीण अशीच बाळंतपणात अडून गेली होती.

"अडला तं दवाखाना हाय. उपाशी मेला तं काय हाय, आत्या?"

महिनाभर शेवंती मंदाला स्वतः वाढत राहिली. मंदा दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा, काट्यावर दोन किलो सहाशे. घरी आल्यावर शेजारच्या बायका जमल्या. सुगंधाबाईने नातवासाठी हात पसरले. शेवंतीने पोर त्या हातांत ठेवलं.

"आत्या, तुमच्या हाताला समदा कलतो ना? माजी पोरगी किती शेराची व्हती?"

म्हातारी पोराचं दुपटं सारखं करू लागली. मंदा म्हणाली, "आये, सांग."

"दीड शेर. जनमल्यावर हातात घेतली त्या दिशीच कलला व्हता मना."

शेवंतीचं तेवढ्यावर भागलं नाही. पुढे कित्येक वर्षं गावात कुणाला दिवस गेले की ती सासूला हाताला धरून त्या घरी नेई आणि सगळ्यांसमोर तोच प्रश्न विचारी. म्हातारी दीड शेर म्हणे, आपण सुनेला उपाशी ठेवलं हेही म्हणे. पुरे झालं, म्हातारीवर दया कर, असं लोक सांगत.

"करीन," शेवंती म्हणे. "एक बी पोटुशी उपाशी न्हाय असा गाव मना दाखवा, मंग करीन."

वाचकहो, तिला तुमचं घर दाखवता येईल का?