ड्रोनने टिपलेल्या सात जणी

सुकरी आणि गावातल्या सहा बाया मोहफुलं वेचायला जंगलात गेल्या होत्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सुकरीला पोलीस चौकीतून बोलावणं आलं. नव्यानेच आलेल्या फौजदाराने ड्रोनने काढलेला एक फोटो तिच्यापुढे ठेवला. त्यात सात बाया गोल करून बसल्या होत्या आणि मधोमध एक गाठोडं होतं.

"नक्षल्यांना शिधा पोचवत होता ना?" तो म्हणाला. "सातही जणींची नावं यादीत घेतलीत."

सुकरी डगमगली नाही. "साहेब, तुमचं ड्रोन तर लय वेळ घिरट्या घालत होतं. मंग एकच फोटू काऊन दाखवता? पुरा व्हिडिओ लावा."

"तो असा कोणालाही दाखवत नाहीत, बाई."

"मंग मी इथीच बसून राह्यते."

ती बाकावर बसली ती बसलीच. दुपार टळली. समोर आलेला चहाही तिने घेतला नाही. शेवटी वैतागून फौजदाराने व्हिडिओ लावला. पडद्यावर बायांनी गाठोडं सोडलं, त्यातला भात वाटून खाल्ला, फडकं झटकलं आणि पुन्हा मोहफुलं वेचायला लागल्या.

फौजदाराने यादी पुढे ओढली. त्याने यादीतलं सुकरीचं नाव खोडलं. "जा आता."

"अन् बाकी सहा जणींचं?"

तो मान खाली घालून एकेक नाव खोडत गेला. सुकरीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने कागदावरच्या रेघा मोजल्या. सात भरल्यावरच ती उठली.