शैलाताई मेक्सिकोला आली तेव्हा

शैलजा आयुष्यात पहिल्यांदा मेक्सिको सिटीत उतरली आणि विमानतळाबाहेर भाजके शेंगदाणे विकणाऱ्या म्हाताऱ्याने तिला विचारलं, गुडघा आता कसा आहे.

"बरा आहे," शैलजा म्हणाली. "जिना उतरताना दुखतो तेवढाच."

म्हाताऱ्याने मान डोलावली, एक पुडी तिच्या हातात ठेवली आणि शेजारी उभ्या असलेल्या तिच्या धाकट्या बहिणीकडे, केतकीकडे, वळून इंग्रजीत विचारलं, "टॅक्सी?"

केतकी या शहरात अकरा वर्षं राहत होती. इथल्याच रामिरोशी तिचं लग्न झालं होतं आणि परदेशी पाहुण्यांना शहर खाऊ घालत हिंडवणं हा तिचा धंदा होता. कुठल्या कोपऱ्यावर उभं राहून काय खायचं, कुठे नाचायचं, कुठे बसून प्यायचं, हे शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत ती दाखवायची. ऑस्ट्रेलियाहून लोक यायचे तिच्याकडे. थोरली बहीण तेवढी येत नव्हती. बोलावलं की म्हणायची, "आप्पांना कोण बघणार?" शैलजा सांगलीत बँकेत होती. नवरा गेल्यावर ती माहेरीच राहिली, आणि आईमागे आप्पांचं सगळं तिच्याकडेच आलं. यंदा मुलगा ह्यूस्टनला होता म्हणून ती अमेरिकेपर्यंत आली, आणि तिथून तीन दिवस इकडे. आप्पांना शेजारच्या कानिटकरबाईंवर सोपवलं होतं.

"तो मराठीत बोलला," शैलजा टॅक्सीत म्हणाली.

"स्पॅनिशमध्ये बोलला, ताई."

"असेल. मला कळलं."

केतकीने काच खाली केली, पुन्हा वर केली. दमलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं, असं तिने स्वतःला सांगितलं. पण म्हाताऱ्याने गुडघ्याबद्दल विचारलेलं तिनेही ऐकलं होतं.

शुक्रवारची सुरुवात ती नेहमी एकाच गाडीवर करायची. तिथे उभ्या सळईवर मसाला लावलेलं डुकराचं मांस फिरत असतं, टाकोवाला त्याचे पातळ काप मक्याच्या पोळीवर पाडतो आणि वरून अननसाची फोड उडवून ती पोळीत झेलतो. पाहुण्यांना ते फार आवडतं. त्या दिवशी टाकोवाल्याने सुरी थांबवली आणि शैलजाला म्हणाला, "तुम्हाला अननस नको. माहिताय."

"गोड नको मला तिखटात," शैलजा म्हणाली. तिने जन्मात डुकराचं मांस खाल्लं नव्हतं. चार घासांत तिने तो टाको संपवला आणि बोट चाटत दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

केतकीपुढे टाकोवाल्याने पदार्थांची चित्रं असलेला प्लास्टिकचा कागद ठेवला. तो पर्यटकांसाठी होता. दोन वर्षांपूर्वी तो केतकीनेच छापून आणला होता.

"मी आहे," केतकी म्हणाली. "मी, केती."

"वेलकम," टाकोवाला म्हणाला.

घरी रामिरोने दार उघडलं. तो उंच, हळू बोलणारा माणूस होता. पियानो दुरुस्त करायचा, म्हणून बोलण्याआधी कान देऊन ऐकायची त्याला सवय होती. त्याने शैलजाच्या हातातली बॅग घेतली आणि तिच्या गालाला गाल लावला. मग केतकीशी हस्तांदोलन केलं.

बैठकीतल्या सोफ्यावर चादर घातलेली होती, वर घडी घातलेला टॉवेल आणि छोटा साबण होता. "तुम्हाला कशाची ॲलर्जी वगैरे नाही ना?" त्याने केतकीला विचारलं.

केतकी हसली. रामिरो अधूनमधून असे विनोद करायचा. तो उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

"नाही," ती म्हणाली.

"छान."

शैलजा मधल्या लहान खोलीत झोपली. आतली खोली रामिरोने आतून लावून घेतली. केतकीने दार वाजवलं तेव्हा तो आतून सौजन्याने म्हणाला, "बाथरूम उजवीकडे आहे."

शनिवारी केतकीने नेहमीचा बेत मोडला. ती बहिणीला अशा बाजारात घेऊन गेली जिथे ती पाहुण्यांना कधी नेत नसे. तिथली निळ्या मक्याचे तळकोयो, म्हणजे सारण भरलेल्या जाड पोळ्या, भाजणारी बाई तिची मैत्रीण होती, तिच्या बाळंतपणात केतकी तिच्या उशाशी बसली होती. दोघी बहिणी बाजाराच्या कमानीतून बरोबर निघाल्या. चारच दुकानं ओलांडायची होती. शैलजा पोचली, बसली, तिने अर्धा तळकोयो खाल्ला, तरी केतकी अजून भाजीवाल्यांच्याच रांगेत चालत होती. रस्ता तिच्यापुरता लांबला होता. एक कांद्यांचा ढीग संपला की दुसरा कांद्यांचा ढीग यायचा. ती पोचली तेव्हा घामाघूम झाली होती, आणि तिची मैत्रीण शैलजाच्या मांडीवर आपलं मूल देत होती.

"ही कोण?" मैत्रिणीने विचारलं.

"बहीण आहे माझी," शैलजा म्हणाली. "फिरायला आलीय."

"ताई, असं का सांगितलंस?" केतकी मराठीत म्हणाली.

"मग काय सांगू? बहीण नाहीस?"

"फिरायला आलीय म्हणालीस."

शैलजा बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. "तोंडातून गेलं गं."

तिथून केतकी तिला दुसरीकडे घेऊन गेली, मग तिसरीकडे. बसायची आणि उठायची. समोर आलेलं अर्धं सोडायची, टॅक्सी थांबवायची, पुढच्या गल्लीत उतरायची. तिला फक्त एक माणूस हवा होता, जो तिला ओळखेल आणि ताईला ओळखणार नाही. उसाचा रस काढणाऱ्याने शैलजाला मुलाच्या नोकरीबद्दल विचारलं. न्हाव्याने दुकानातून हात केला. एका चर्चच्या पायरीवर बसलेल्या आंधळ्या बाईने पावलं ऐकूनच म्हटलं, "शैला, आज उशीर केलास." आणि लगेच, "तुझ्याबरोबर कुणीतरी परकं आहे."

दुपारी रामिरो चौकात आला. शनिवारी तिथे झाडांखाली बँड असतो आणि म्हातारीकोतारी माणसंसुद्धा कडक इस्त्रीचे कपडे घालून डान्झोन नाचतात. त्या नाचात मध्येच एक विसावा असतो. संगीत चालू राहतं, जोड्या मात्र थांबतात, बँडकडे तोंड करून उभ्या राहतात, बायका पंख्याने वारा घेतात. आणि ठरलेल्या सुराला सगळे पुन्हा एकदम हलतात. कधी थांबायचं हे कुणी सांगत नाही. केतकीला ते शिकायला दोन वर्षं लागली होती. रामिरोनेच शिकवलं होतं.

रामिरोने शैलजापुढे हात केला.

"मला नाही येत," शैलजा म्हणाली आणि उठली. सुती साडी, पायात बाटाच्या चपला. ती नाचली. विसाव्याच्या सुराला ती अचूक थांबली आणि पदराने वारा घेत बँडकडे पाहत राहिली. कडेला एकटीच ठेका धरून उभी असलेली केतकी मात्र थांबली नाही. सगळा चौक निश्चल असताना तिचे पाय तेवढे हलत होते. लोकांनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि समजूतदारपणे हसले.

बँडवाल्याने माइक ओढला. "पुढचं डान्झोन आपल्या शैला बाईंसाठी, आणि त्यांच्यासोबत आलेल्या पाहुणीसाठी."

टाळ्या पडल्या. शैलजा लाल झाली होती. केतकीने तिला असं कधी पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही.

त्याच वेळी केतकीचा फोन वाजला. सांगलीहून, तिथल्या अपरात्री, आप्पा होते.

"शैलू," आप्पा म्हणाले, "कानिटकरबाई भाजीत गूळ घालतात. तू कधी येतेस?"

"आप्पा, मी केतकी. ताईला देऊ?"

"बरं. पण येताना माझ्या गोळ्या आण, शैलू," आप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी कँटीनात, म्हणजे तिथल्या दारूच्या गुत्त्यात, जाईपर्यंत केतकीची स्पॅनिश विरत चालली होती. आधी तिच्या ते लक्षात आलं नाही. तिने वेटरला विचारायचं ठरवलं, की तू तरी मला ओळखतोस ना, मागच्या आठवड्यात आपण तुझ्या भावाच्या लग्नाबद्दल बोललो होतो. तोंडातून आलं, "कृपया पाणी, बर्फ नको." ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली. "स्टेशन कुठे आहे?"

वेटरने बोटाने दिशा दाखवली.

शब्द तिच्या डोक्यात होते. पण ओठांपर्यंत येताना त्यांची पर्यटकांच्या पुस्तकातली वाक्यं होत होती. ती सगळी मिळून फार नव्हती. तिने रामिरोचा हात धरला. तिला म्हणायचं होतं, मी तुझी बायको आहे, माझ्याकडे नीट बघ. ती म्हणाली, "हे फार तिखट आहे का?"

"थोडंसं," रामिरो म्हणाला. त्याने तिचा हात हळूच सोडवला आणि तिच्या बशीत लिंबू पिळलं. बशीत तळलेले नाकतोडे होते. शैलजा ते मुठीने खात होती. "भडंगासारखे लागतात," ती म्हणाली. तिच्यापुढे मेझ्काल या तिथल्या दारूचा छोटा पेला होता आणि संत्र्याची फोड. तिने पेला उचलला आणि एक एक घोट चवीने घेतला.

"ताई, तू त्याला सांग," केतकी मराठीत म्हणाली. मराठी तेवढी शाबूत होती. "तुझं ऐकतो तो. सांग मी कोण आहे."

शैलजा रामिरोशी काहीतरी बोलली. रामिरोने लक्षपूर्वक ऐकलं आणि केतकीकडे पाहून आदराने मान झुकवली.

"काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. पण मी मराठीत बोलते गं, त्यांना काय ऐकू येतं मला काय माहीत?"

"उद्या तुझं विमान आहे."

शैलजाने संत्र्याची साल पेल्याच्या कडेला ठेवली. "हो, आहे खरं." "मला आवडतंय गं इथे," ती म्हणाली. "कुणी मला विचारत नाही, की आप्पा कसे आहेत. माझा गुडघा विचारतात."



रविवारी रामिरोच्या आईकडे जेवण होतं. दोन्या एल्विरा शहराच्या टोकाला, बसक्या निळ्या घरात राहायची. तिचा मोले म्हणजे मिरच्या, तीळ, शेंगदाणे आणि कडू चॉकलेट यांची काळी आमटी. तिचं वाटण ती पाट्यावर करायची. त्या पाट्याला तिने केतकीला अकरा वर्षांत हात लावू दिला नव्हता. "मिक्सरवाल्या मुली," एवढंच म्हणायची. त्या सकाळी ती दारातच उभी होती. तिने शैलजाचे दोन्ही दंड धरून तिला न्याहाळलं, थेट अंगणात नेलं आणि पाट्यामागे बसवलं.

शैलजाने साडी गुडघ्यांमध्ये खोचली, वरवंटा घेतला आणि पुढे झुकली. मिरच्या भराभर वाटल्या जाऊ लागल्या. म्हातारीने बोटावर थोडं घेऊन चाखलं आणि डोळे मिटले.

"हिला इतकी वर्षं कुठे लपवलीस?" तिने रामिरोला विचारलं.

"कामात असते," रामिरो म्हणाला.

केतकी पुढे झाली. तिने पाट्याच्या कडेवर तळवा ठेवला आणि तिला येत असलेली सगळी वाक्यं एकामागून एक म्हटली. स्टेशन कुठे आहे. पाणी, बर्फ नको. हे फार तिखट आहे का. माझी बॅग हरवली आहे. शेवटचं वाक्य ती तीनदा म्हणाली, प्रत्येक वेळी मोठ्याने. म्हातारीने कौतुकाने टाळी वाजवली. "किती छान बोलते," ती म्हणाली. "बिचारी. तिला घर दाखव, रामिरो."

शैलजाने वर पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि हात कोपरापर्यंत काळे झाले होते. "जा," ती केतकीला म्हणाली. "मी एवढं वाटून येते."

"नक्की येशील?"

"एवढं वाटून येते."

रामिरोने केतकीसाठी दार धरलं. "हे स्वयंपाकघर," तो म्हणाला. "इथे माझे वडील बसायचे. आणि माफ करा, आपलं नाव पुन्हा सांगाल?"

"पाणी," केतकी म्हणाली.

"ही आईची खोली."

या घरात तीन खोल्या होत्या. केतकीने त्या अनेकदा झाडल्या होत्या. आईच्या खोलीतून रामिरोने चौथीचं दार उघडलं, मग पाचवीचं. प्रत्येक खोली आधीपेक्षा लांब होती. फरशीवरून चालताना दोघांच्या पावलांचा आवाज वेगवेगळा यायचा. एका खोलीत नुसत्या खुर्च्या होत्या. एकीत पियानो होता, झाकलेला. मागून वरवंट्याचा आवाज येत होता, मग तो पुसट झाला. केतकीने मागे वळून पाहिलं तेव्हा अंगणाचं दार एखाद्या तिकिटाएवढं दिसत होतं आणि त्यात काहीतरी पुढेमागे हलत होतं. ती धावत परत निघाली. पुष्कळ धावली. पण रामिरो तिच्या शेजारीच होता, तोही न धावता.

"आणि ही शेवटची," तो म्हणाला. त्याने दार ढकललं, तिला आधी जाऊ दिलं आणि मागून हलकेच ओढून घेतलं.

खोलीत सांगलीच्या घरातली शहाबादी फरशी होती. हिंगाचा वास होता. खिडकीच्या जाळीला कुंकवाचं बोट पुसलेलं होतं. टेबलाशी आप्पा बसले होते, बनियन घालून, पुढ्यात पालथं ताट.

"किती वेळ, शैलू," ते म्हणाले. "वाढ."

"आप्पा," केतकी म्हणाली. "नीट बघा. मी केतकी आहे."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली.

"केतकीचा रविवारी फोन येतो," ते म्हणाले. "येईल इतक्यात."

त्यांनी दोन्ही हातांनी ताट सुलटं केलं. खिडकीत ठेवलेला फोन वाजू लागला.