बॉनेटवरचा हात

भाचीने जुनी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा मामाने आपल्या परीने तयारी केली. वाचनालयातून जुन्या गाड्यांच्या खरेदीवरचं एक पुस्तक आणलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. स्वतः मामाने कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे पुस्तकात सापडलेल्या तीन चुका मात्र त्याने पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवल्या.

भाची नर्स होती. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं, म्हणून मामा तिला भिंगरी म्हणायचा. तिचा वॉर्ड गावाबाहेरच्या नव्या इमारतीत हलवला होता आणि सकाळची पाळी पहिली बस तिथे पोचायच्या आत सुरू व्हायची. तिची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मेट्रनने सांगून ठेवलं होतं, आता पुन्हा उशीर झाला तर कायम करण्याचा विषय माझ्याकडे आणू नकोस.

तेव्हा गाडी कशी दिसते याला फार महत्त्व नव्हतं. ती पहाटे सुरू व्हायला हवी होती.

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थाची गाडी तिच्या ऐपतीत बसत होती. मामाच्या सांगण्यावरून तिने फोनवर बजावलं होतं, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका हं."

"छे हो ताई, चार दिवस जागची हललेली नाही."

पुस्तकात लिहिलं होतं की पोचल्याबरोबर, बोलायला लागायच्या आधी, बॉनेटला हात लावावा. इंजिन गार असतानाचं दुखणं लपवायला काही लोक गाडी आधीच तापवून ठेवतात. पण चष्मेवाला फाटकातच हात जोडून उभा होता. त्याला ओलांडून गाडीकडे जाणं मामाला जमलं नाही. नमस्कार झाला, प्रवासाची चौकशी झाली, आणि मग मामाने पुस्तकं निवडताना लावावा तसा बॉनेटला हात लावला.

बॉनेट गरम होतं.

गाडी इमारतीच्या पोटात, खांबांच्या मधे उभी होती. तिथे ऊन येत नव्हतं. तरी मामाला वाटलं, आपलाच हात गार असेल. त्याने मागे जाऊन डिकीला हात लावला. डिकी गार होती.

"चार दिवस झाले, इथेच आहे," चष्मेवाला म्हणाला.

"छान, छान," मामा म्हणाला, आणि स्वतःवरच चिडला. दुसरा कोणी असता तर त्याने तिथल्या तिथे विचारलं असतं. मामाच्या तोंडून असलं काही निघणं शक्य नव्हतं. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "जरा बसू या का वर?"

"मामा, गाडी चालवून बघायची ना?" भाची म्हणाली.

"दम लागलाय मला."

"दम? बसथांबा समोर तर आहे!"

पण मामा जिना चढायला लागला होता.

वर चष्मेवाल्याच्या बायकोने पाणी दिलं. मामाने ते औषधासारखं घोटघोट घेतलं. मग कागद मागितले. गाडी बायकोच्या नावावर होती, तेव्हा सही तिचीच लागेल एवढं त्याने बघून घेतलं. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र वाचलं. विम्याचा कागद वाचला, मागच्या बाजूची बारीक अक्षरंही वाचली.

"साहेब, ते कोणी वाचत नाही," चष्मेवाला म्हणाला.

"दिसतंय. इथे एक काना राहिलाय."

"तुमचा नंबर वाढलाय बहुतेक. कागद फार जवळ धरताय."

"हो का?" मामाला हायसं वाटलं. "कसं ओळखता तुम्ही हे?"

चष्मेवाल्याला सांगावंच लागलं. त्याने मामाचा चष्मा काढून बघितला, कांड्या सरळ केल्या. मामा प्रश्न विचारत राहिला. भाचीने दोनदा घड्याळ बघितलं, एकदा खिडकीपर्यंत जाऊन आली.

"मामा, तू चष्मा घ्यायला आलायस की गाडी?"

"बस गं भिंगरे. यांचं ऐकण्यासारखं आहे."

चष्मेवाल्याला मात्र आता चैन पडेना. हा म्हातारा पक्का मुरलेला दिसतो, असं त्याला वाटलं असावं. त्याने आपणहून किंमत थोडी खाली आणली. मामा नुसती मान हलवत बसला. चष्मेवाल्याने आणखी थोडी खाली आणली. मग म्हणाला, "संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. थोडा इसार देऊन ठेवा हवं तर."

"गाडी बघितल्यावर," भाची म्हणाली.

"मग मी खाली जाऊन गाडी जरा बाहेर काढून ठेवतो," असं म्हणत त्याने खुंटीवरची किल्ली काढली.

मामा चटकन पुढे सरकला. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. त्याने हात पुढे केला. "किल्ली जरा बघू?"

चष्मेवाल्याने दिली. मामाने ती उलटसुलट करून बघितली आणि मुठीत धरून पुन्हा विम्याचा कागद उचलला. चष्मेवाला थोडा वेळ हात पुढे करून उभा राहिला, मग बसला. पाहुण्याच्या मुठीतून किल्ली काढून घेणं त्यालाही जमण्यासारखं नव्हतं. त्याची बायको दारात उभी राहून हे बघत होती. ती हसू दाबत आत गेली.

खाली जायला निघाले तेव्हा दुपार कलली होती. बॉनेट गार पडलं होतं. मामाने किल्ली भाचीला दिली.

भाचीने किल्ली फिरवली. गाडी कण्हली आणि गप्प झाली. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"आजच कसं काय झालं, कळत नाही," चष्मेवाला म्हणाला. "कधी म्हणून त्रास नाही हो हिचा!"

तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडलं आणि एक दांडगा शेजारी बनियनवर बाहेर आला. कोणाकडे न बघता तो सरळ गाडीच्या मागे गेला आणि डिकीला दोन्ही हात लावून वाकला.

"ताई, दुसऱ्या गियरमध्ये टाका. मी हो म्हटलं की क्लच सोडा." मग मान वर करून चष्मेवाल्याला म्हणाला, "सकाळी ढकलून दिली होती ना मी? पुन्हा बंद केलीत कशाला?"

वरून खिडकीतून बायकोचा आवाज आला, "मी म्हणत होते, सांगून टाका!"

भाची गाडीतून उतरली. तिचा चेहरा उतरला होता. "मला पहाटे निघायचं असतं," ती म्हणाली. "तुम्हाला फोनवर सांगितलं होतं मी. रस्त्यात बंद पडली असती तर माझी नोकरी गेली असती."

चष्मेवाला खाली बघत म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर कोणी बघायला तरी आलं असतं का?"

"आम्ही आलो असतो," मामा म्हणाला. एवढं बोलल्यावर त्याचे कान लाल झाले. पण आता सुरुवात झालीच होती. "तुम्ही दुरुस्त करून घ्या. मग एखाद्या पहाटे आम्ही येऊ. न कळवता."

बसमध्ये भाचीने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"आल्या आल्याच."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, माझाच हात गार असेल."

पुढच्या आठवड्यात रिक्षा करून ती दोघं अंधारातच आली. मामाने आधी बॉनेटला हात लावला. लोखंड गारठलं होतं. मग त्याने बेल वाजवली आणि वर बघून नमस्कार केला. खिडकीतून बायकोने किल्ली खाली टाकली. पाठोपाठ चष्मेवाल्याचं डोकं दिसलं. "स्टार्टर नवा, बॅटरी नवी!" तो झोपाळू आवाजात म्हणाला. "पावत्या देतो."

भाची आत बसली. तिने मामाकडे बघितलं आणि किल्ली फिरवली.

गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. तिने बंद केली, पुन्हा सुरू केली. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती नुसती आवाज ऐकत बसली. मामाने तिला इतका वेळ एका जागी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तळमजल्याचं दार उघडलं. शेजारी डोळे चोळत गाडीच्या मागे आला, वाकला, आणि गाडी थरथरतेय हे लक्षात आल्यावर हात काढून सरळ झाला.

"सुरू आहे होय?" तो म्हणाला. "मग मला कशाला उठवलंत?"