नर्सबाईंचं बिऱ्हाड

"विहिरीचं पाणी यंदा गोड लागतंय, नाय?" ओटीच्या कडेला टेकत धर्माजी म्हणाला.

चंद्रकांताबाई तांदूळ निवडत होत्या. हा घरमालक आठवड्यात तिसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा कौलांविषयी बोलून गेला, मग आंब्याच्या मोहोराविषयी, आणि आज विहीर.

"धर्माजी, जे सांगायला येतोस ते सांगून टाक बाबा. मी खोली सोडायची, हेच ना?"

धर्माजीचा चेहरा पडला. "तारापूरच्या कामावर मद्रासकडचा एक सुपरवायझर आलाय. चौपट भाडं देतो म्हणतो. हिराचं लगीन ठरलंय, नर्सबाई. नायतर मी..." त्यानं धोतराचा सोगा डोळ्यांना लावला.

"हिरा? ती पायाळू पोर?" बाईंनी सूप खाली ठेवलं. "अरे, तिच्या वेळी तू असाच बाहेर रडत बसला होतास! तिचं लग्न ठरलं ही काय रडायची गोष्ट आहे? होळीपर्यंत खोली मोकळी करते."

तो गेल्यावर त्यांनी सूप पुन्हा उचललं, पण निवडण्यात लक्ष लागेना.

लग्नानंतर सहा महिन्यांत नवरा गेला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. वडिलांनी धीर करून सुईणीच्या शिक्षणाला पाठवलं. पुढे सारा जन्म बोईसरच्या दवाखान्यात गेला. निवृत्तीनंतर हाती आलेला फंड थोडा आणि पेन्शन त्याहून थोडी. पण तेवढ्यात त्यांचं छान भागत होतं. सकाळी कुणी बोलवायला येत नाही, चहा निवांत पिता येतो, याचंच त्यांना रोज नव्यानं कौतुक वाटे. त्या सुखाला एक खोली तेवढी हवी होती.

खोली मिळेना. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झाल्यापासून बोईसरात गोठेसुद्धा भाड्यानं जात होते. पालघरचा भाऊ "ये" म्हणाला, पण स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज काही आला नाही. बाई पुढच्या गाडीनं परतल्या.

स्टेशनाबाहेर नवसी भेटली. ही बेटेगावची वारली बाई दवाखान्यात वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली आया होती. आता बाजाराच्या दिवशी भाजी विकायला येई. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग माझ्या घराशेजारी ये की. जागा हाय. झिपरू कूड घालून देल."

झिपरू तिचा नवरा. हात धू, पाणी उकळ, इथे उभी राहू नकोस, असं जिला आयुष्यभर सांगितलं तिच्या अंगणात जाऊन राहायचं? लोक काय म्हणतील हे होतंच. पण जीव अडखळत होता तो त्याच्याही पुढच्या कशापाशी तरी. आपण तिथे कोण म्हणून राहायचं?

नवसीनं टोपली डोक्यावर घेतली. "बाय, येवढी वरसं तू मला हुकूम केलास. आता येक हुकूम माझा. चल."

बाईंना हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी मान हलवली.

होळीच्या आधी कारवीच्या काठ्यांचा कूड उभा राहिला. झिपरूनं वर गवत शाकारलं, नवसीनं भिंती लिंपल्या. शेणाच्या काल्यात हात घालून बाईही बसल्या. "असं नाय, बाय, तळवा लाव," नवसी ओरडली आणि बाईंनी मुकाट्यानं तळवा लावला. पहिल्या पावसात छप्पर गळलं, एकदा चुलीमागे साप निघाला. पण दारातून डोंगरापर्यंत दिसणारी शेतं, नागलीची गरम भाकरी आणि हाक मारली की ओ देणारा शेजार, हे सगळं आपल्या वाट्याला आलं कसं, याचं त्यांना नवल वाटे.

दोन वर्षांनी दसऱ्याच्या सुमारास धर्माजी विचारत विचारत बेटेगावला आला. वाकून दारात शिरला. बसायला घोंगडी होती.

"सुपरवायझर केंद्राच्या वसाहतीत गेला," तो म्हणाला. "खोली मोकळी हाय. भाडं पयल्यासारखं. तुमी नसलात तर अंगण कसं ओस वाटतं, नर्सबाई."

बाईंचे डोळे भरून आले. "तू आठवण ठेवलीस, एवढ्या लांब आलास, हे खूप झालं. खोली दुसऱ्या कुणाला दे. हिरा कशी आहे?"

"दिवस गेलेत तिला."

"मग मी येईन. बाळंतपणाला नव्हे हो, बाळ बघायला."

नवसीनं कोरा चहा आणून पुढे केला. धर्माजीनं क्षणभर कपाकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी धरून सगळा प्यायला.

"इथं करमतं तुमाला?" त्यानं हळूच विचारलं.

"करमतं का, हे मनात यायला सवड कुठे मिळते," बाई म्हणाल्या.

निघताना तो पाया पडला. शेताच्या बांधावरून बराच पुढे गेल्यावर त्यानं वळून पाहिलं. बाई दारात उभ्या राहून आपल्याकडे बघत असतील, असं त्याला वाटलं होतं. दारात कुणी नव्हतं. गवताच्या छपरातून निळसर धूर वर येत होता आणि आत दोन बायका कशालातरी मोठ्यानं हसत होत्या.