डोळे मिटायचं राहून जातं

सिलू रांगायला लागली तेव्हापासून मी डोळे मिटून प्रार्थना केलेली नाही.

एकदा करून बघितली होती. दुपारी ती झोपलीय असं समजून पदर डोक्यावर घेतला, गुडघे टेकले. डोळे उघडले तेव्हा माझी लेक मोरीतल्या बादलीत वाकलेली, पाय जमिनीवरून सुटलेले. तिला ओढून छातीशी धरलं. त्यानंतर डोळे मिटले की ती बादलीच दिसायची.

संगमनेरला माहेरी पप्पा पहाटे मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचे आणि मला जवळ बसवायचे. ते मास्तर, त्यामुळे प्रार्थनेलाही शिस्त. "डोळे मीट, दीना. पाहुणा घरात आलेला असताना आपण खिडकीबाहेर बघत बसतो का?" मिटलेल्या पापण्यांआड एक उबदार अंधार असायचा आणि त्यात कुणीतरी असायचं. त्या अंधाराची मला आता भुकेसारखी आठवण येते. लग्नानंतर जस्टिन आणि मी हात धरून बसायचो. आता तो सुप्याला कारखान्यात. तिथंच खोली करून राहतो, सुट्टीला इथं शेवगावला येतो. फोनवर प्रार्थना सुरू केली तर मध्येच त्याचा श्वास संथ होतो. पाळी करून दमलेला माणूस. मी हळूच फोन बंद करते.

सासूबाईंचं निराळंच. त्या दिवसभर बोलत असतात. बाजरी निवडताना, "बापा, लई खडं हायेत रे ह्यात." दोरीवर कपडे टाकताना, "बापा, जस्टिनला दुपारपाळी हाय. मशिनीवर डुलकी येऊ देऊ नको त्याला." नवीन असताना मला वाटलं, वारलेल्या सासऱ्यांशी बोलतात. धीर करून विचारलं तर हसत सुटल्या.

"अगं, जित्तेपनी सुदिक त्यांच्याशी येवढं बोलले न्हाई मी!"

पदर नाही, गुडघे नाहीत, डोळे टक्क उघडे. ही काय प्रार्थना झाली, असं मी मनात म्हणायचे. शेवटी पप्पांची मुलगी.

चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा दर आठवड्याला एकेका घरी असते. ह्या शनिवारी ती आमच्याकडे होती. सतरंजी घातली, शिरा केला. जस्टिन येणार होता, पण ओव्हरटाइम लागला. सगळ्या बसल्यावर पाळकबाई म्हणाल्या, "आजची प्रार्थना ह्या घरची सून करील."

माझ्यापाशी काही उरलेलंच नव्हतं. ते आता सगळ्यांना कळणार होतं.

"आटपतं घे गं पोरी," म्हातारी बनुबाई म्हणाली, "शिरा गार व्हतो."

"तुला काय त्याचं? तू तर आमेनलाच जागी होतेस," शेजारची रुपाली म्हणाली आणि बायका पदराआड हसल्या.

मग सगळ्यांनी डोळे मिटले. सिलूला मांडीत घट्ट धरून मीही मिटले. "हे सर्वसमर्थ, दयाळू पित्या," मी सुरू केलं. पप्पांचे शब्द, सणावाराला काढायच्या पितळी भांड्यांसारखे. चार वाक्यं झाली नसतील तोच मांडी हलकी झाली.

बादली. मी डोळे उघडले.

सिलू सतरंजीवरून गरम शिऱ्याच्या पातेल्याकडे निघाली होती. माझे शब्द तुटले. कुणीही डोळे उघडले नाहीत, सगळ्या वाट बघत होत्या. आणि मला त्या दिसल्या. प्रार्थनेत माणूस कसं दिसतं, हे मी जन्मात कधी पाहिलंच नव्हतं. बनुबाईचे ओठ आत ओढलेले. पाळकबाईंच्या टाचांना खोल भेगा. रुपालीचा हात पोटावर. तिथलं बाळ मागच्या महिन्यात गेलं, तरी हात तिथंच.

"बापा," माझ्या तोंडून निघालं. "गुडघ्यांमुळं बनुबाईला घरी झोप लागत नाही. म्हणून ती इथं झोपते. तिला रागावू नको. पाळकबाई सगळ्यांच्या दारी चालत जातात, त्यांच्या टाचा बघ. रुपालीचा हात बघ." "बघ," एवढंच पुन्हा म्हटलं. "आणि सिलू पातेल्यापाशी पोचली रे बापा..."

मी उठणार तेवढ्यात दिसलं, सिलूच्या झबल्याचं टोक सासूबाईंच्या मुठीत होतं. त्यांचे डोळे उघडे होते. सगळ्या मिटलेल्या डोळ्यांत आम्ही दोघीच एकमेकींकडे बघत होतो. त्यांनी मान हलवली. चालू दे.

मला एकच शब्द सुचला. "आमेन."

"आं? झालं?" बनुबाई दचकून म्हणाली. ह्या वेळी कुणी हसलं नाही. रुपाली पदरानं तोंड पुसत होती.

बायका गेल्यावर सासूबाईंनी सिलूला कडेवर घेतलं. "जा आता आत. दार लाव, डोळे मीट. मी बघते हिच्याकडं."

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"जस्टिन रांगत हुता तवा मला बी लई वाटायचं, घटकाभर डोळे मिटावं." त्या सिलूचं नाक पुसत राहिल्या. "पोरं मोठी झाली, पर मिटायचं राहूनच गेलं. तुझं राहू देऊ नको."

मी दार लावलं. पदर घेतला, गुडघे टेकले, कपाळ खाटेच्या कडेला लावलं. तो अंधार होता. तसाच, उबदार. दारापलीकडून आवाज येत होता, "बापा, दात येत्यात रे हिला, लई किरकिरती..."

"हे पित्या," मी म्हटलं.

जाग आली तेव्हा पाय बधिर झाले होते आणि गालावर गोधडीची शिवण उमटली होती. दार अर्धवट उघडं. उंबऱ्याशी सासूबाई बसलेल्या, सिलू त्यांच्या मांडीवर गाढ झोपलेली.

मला रडू आलं. "आई, मी काहीच म्हटलं नाही हो. झोपच लागली."

"व्हय. घोरत हुतीस, बनुबाईवानी." सिलूच्या अंगावरचा पदर त्यांनी सारखा केला. "तुझं आमेन म्या म्हनलं."