एका घरातून एक श्रोता

"माणूस दोनदा जन्माला येतो. एकदा आईच्या पोटी आणि एकदा पहिल्या मैफलीत!"

एवढे बोलून दिनकररावांनी उजवा हात वर नेला, तिथेच थांबवला आणि टाळ्यांसाठी जागा सोडली. टाळ्या आल्या नाहीत. श्रोत्यांत एकट्या त्यांच्या पत्नी अहल्याबाई होत्या आणि त्यांच्या दोन्ही हातांत गवारीच्या शेंगा होत्या.

"हात खाली घ्या," त्या म्हणाल्या. "पंखा चालू आहे."

रविवारी बडोद्याच्या वाडी भागातल्या श्रुतिरंजन मंडळाला पंचाहत्तर वर्षे पुरी होत होती. सकाळी मैफल, आणि मैफलीआधी दिनकररावांचे दहा मिनिटांचे भाषण, त्यांच्या पहिल्या मैफलीच्या आठवणींवर. मंडळाच्या चिटणीस योगिनीबेन यांनी समा भागातल्या दिनकररावांच्या सोसायटीत स्वतः येऊन आमंत्रण दिले होते. सोबत फलकाचा नमुनाही आणला होता. त्यावर दिनकररावांच्या फोटोखाली छापले होते: 'आमच्या जुन्या मैफलींचे एकमेव हयात साक्षीदार'. 'हयात' हा शब्द अहल्याबाईंनी दोनदा वाचला आणि योगिनीबेनना चहा दिला.

ती आठवण ओळखीच्या बडोद्यात कोणी ऐकली नाही असे नव्हते. दिनकररावांनी ती लग्नांत सांगितली होती, मुंजींत सांगितली होती, आणि एकदा स्मशानात लाकडे पेट घ्यायला वेळ लागत होता तेव्हाही सांगितली होती. साल सत्तावन्न. वाडीतले मंडळाचे सभागृह. ग्वाल्हेरहून एक बुवा आलेले. सकाळची तोडी. पुढच्या सतरंजीवर नऊ वर्षांचा दिनकर. बुवांनी कोमल गंधार लावला आणि पोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! बुवा गाता गाता थांबले, पोराकडे बोट दाखवून म्हणाले, "हे मूल कोणाचं? याला समजलंय." सगळे सभागृह वळून बघायला लागले.

या एका वाक्यावर दिनकररावांनी अडुसष्ट वर्षे काढली. विमा कंपनीत चौतीस वर्षे दावे तपासले, बढती दोनदा हुकली, पण ज्याला समजलंय त्याला बढतीचे काय! गाणे मात्र ते कधी शिकले नाहीत. समजलेले पुन्हा शिकायचे कशाला, असा त्यांचा हिशेब होता.

आणि पुरावा? पुरावाही होता. "माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं आहे," ते सांगत. "मी गेलो, मी ऐकले, मी रडलो. वही आहे घरात."

वही घरात नव्हती. पण गुरुवारी दुपारी गोरवा भागातून पुतणीचा, देवश्रीचा, फोन आला.

"काका, वही सापडली! माळा साफ करत होते, आजोबांच्या ट्रंकेत निघाली. तुमचंच अक्षर आहे, अगदी मोत्यासारखं. रविवारी काचेत ठेवूया का?"

"ठेवूया की," दिनकरराव म्हणाले, आणि चष्मा, छत्री आणि अभिमान घेऊन रिक्षात बसले.

या वहीची कूळकथा अशी. त्यांचे वडील जुन्या राज्याच्या दफ्तरखान्यात कारकून. राज्य विलीन झाले, वडिलांचा दफ्तरी बाणा काही विलीन झाला नाही. मंडळाचा तेव्हा नियम होता, एका घरातून एक पास. मग वडिलांनी घरात दुसरा नियम केला: जो मैफलीला जाईल त्याने परत येऊन साद्यंत वृत्तांत द्यायचा, म्हणजे एका पासात सगळे घर ऐकेल. वृत्तांत वहीत उतरायचा. शेवटी वडील तपासून सही करायचे आणि जे गैरलागू वाटेल त्यावर लाल शाईची रेघ मारायचे.

देवश्रीने चहा ठेवला. आतल्या खोलीत तिचे वडील, म्हणजे दिनकररावांचे थोरले भाऊ वसंतराव, झोपले होते. एक्क्याऐंशी सरले तेव्हापासून त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट न सांगता निघून जात होती. कालच त्यांनी दूधवाल्याला चार वेळा विचारले होते की दूध आले का, आणि चारही वेळा दूधवाल्याच्या हातात दूध होते.

दिनकररावांनी वही उघडली. अक्षर त्यांचेच. 'मी सात वाजता गेलो. मी पुढे बसलो.' ते गालात हसत वाचत गेले. तोडी होती, बुवा होते, बोट होते. 'बुवा म्हणाले, हे मूल कोणाचे, याला समजले आहे.' त्यापुढच्या दोन ओळींवर लाल रेघ होती आणि समासात वडिलांचा शेरा: 'गैरलागू'.

लाल शाई फिकी पडली होती. खालची निळी मात्र टिकली होती.

'वास्तविक मला लघवीस लागली होती म्हणून डोळ्यांत पाणी आले. मी उठलो नाही, कारण मधले राहिले असते तर दिनूला काय सांगणार.'

दिनकररावांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

पानाच्या तळाशी वडिलांची सही, आणि सहीच्या वर त्यांच्या दफ्तरी अक्षरात:

'वृत्तांत देणार: चि. वसंत. लिहून घेणार: चि. दिनकर. पास चि. दिनकरचा होता. गोवर आल्याने बदली.'

देवश्री चहा घेऊन आली. "काय हो काका, रडताय? जुनी आठवण ना?"

"हो," दिनकरराव म्हणाले. "कोणाची आहे ते बघतोय."

गोवर त्यांना आठवत होता. अंथरुणातला कडुलिंबाचा पाला, खिडकीला लावलेले जाड कांबळे, अंधार. पण ते त्यांनी आयुष्यात वेगळ्याच कप्प्यात ठेवले होते, आणि मैफल वेगळ्या. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी घडल्या असतील, असा दावा त्यांच्याकडे कधी तपासणीला आलाच नव्हता. ताप उतरल्यावर दादा अंथरुणाशी बसून सांगत होता आणि आपण लिहून घेत होतो. दादा 'मी' म्हणाला म्हणून आपण 'मी' लिहिले. मग ते पान शंभर वेळा वाचले. आपल्याच अक्षरातला 'मी' दुसऱ्याचा आहे, हे शंभराव्या वेळी कोणाच्या लक्षात राहणार?

आणि दादा? दादाला गाण्यात काडीची गोडी नव्हती. तो पतंगवाला माणूस. कोमल गंधार दारात येऊन उभा राहिला असता तर त्याने त्याला पाणी विचारले असते आणि जायला सांगितले असते. तो तीन तास नुसता धरून बसला होता. तेही कोणासाठी, तर घरी कांबळ्याच्या अंधारात पडलेल्या धाकट्यासाठी. आणि धाकट्याने काय केले, तर दादाची आख्खी सकाळ उचलली, कोमल गंधार ठेवला आणि दादाला तेवढा गाळला. लग्नाच्या पंगतीत, मुंजीत, स्मशानात, प्रत्येक वेळी दादा समोर बसलेला. एकदाही बोलला नाही.

आतून हाक आली. "कोण आलंय? दिनू का?"

दिनकरराव आत गेले. वसंतराव उशीला टेकून बसले होते.

"दादा, एक विचारायचं होतं." विचारायला हा एकच माणूस उरला होता, आणि तोही रोज थोडा थोडा जात होता. अजून महिनाभर गप्प बसले की कायमचे मिटेल, हाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. त्याची त्यांना लाज वाटली. "सत्तावन्न सालच्या त्या मैफलीला... कोण गेलं होतं?"

"म्हणजे काय? तू!"

"मी नाही. तू गेला होतास. मला गोवर आला होता."

"हॅट्! गोवर मला आला होता." वसंतराव खुशीत आले. "मी कांबळ्यात पडलो होतो. तू गेलास, बुवा तुला म्हणाले, याला समजलंय. विसरायला लागलास की काय? देवश्री, या दिनूला डॉक्टरकडे ने ग! सांग ना रे पुन्हा, कसं झालं ते. कोमल काय लावला म्हणतोस?"

दिनकररावांनी खुर्ची जवळ ओढून घेतली. भावाच्या डोक्यातून सगळे निघून चालले होते, पण ही एक वस्तू निघून गेली नव्हती. ती त्यांनीच काढून नेली होती, आणि रिकाम्या जागी स्वतःचा गोवर ठेवून आले होते.

"सांग ना," वसंतराव म्हणाले.

मग त्यांनी सांगितले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोमल गंधारापाशी त्यांचा हात वर गेला नाही.

दोन दिवस त्यांचे कशात लक्ष नव्हते. अहल्याबाईंनी त्यांच्या आवडीची सेव उसळ मागवली, तीही अर्धी टाकली. शनिवारी त्यांनी बायकोला सगळे सांगितले. त्या सगळे ऐकून घेऊन म्हणाल्या, "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"घरात साधा कुकर कितव्या शिट्टीला बंद करायचा ते तुम्हाला समजत नाही. नवव्या वर्षी तुम्हाला काय समजलेलं बुवांना दिसणार?" मग हळू आवाजात, "उद्या खरं सांगा. जड वाटतंय ना, म्हणून म्हणते."

रविवारी सकाळी सभागृह भरले होते. सत्तावन्न सालच्या पंख्यांच्या जागी नवे पंखे होते, आवाज तोच होता. वही काचेत होती, बंद. पुढच्या रांगेत वसंतराव, इस्त्रीचा झब्बा घालून. देवश्रीने त्यांना धाकट्या भावाचा सत्कार बघायला आणले होते.

"चालो काका, स्टेजवर," योगिनीबेन म्हणाल्या. "दहा मिनिटं हं. पंधरा झाली तरी चालेल, तमे तो आमची शान!"

दिनकरराव माइकपाशी गेले. 'माणूस दोनदा जन्माला येतो' हे वाक्य ओठांवर आले होते, ते त्यांनी गिळले.

"त्या मैफलीला मी नव्हतो," ते म्हणाले. "मी घरी गोवराने पडलो होतो. गेला तो माझा भाऊ वसंत. बुवांनी बोट दाखवलं ते त्याला. मी त्याच्याकडून ऐकलं, लिहून घेतलं आणि जन्मभर माझं म्हणून सांगितलं. तो इथे बसला आहे. ही त्याची आठवण. त्याला परत करायला आलोय."

पुढच्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"खोटं बोलतोय! लहानपणापासून असाच आहे. मानाची गोष्ट आली की दुसऱ्याला पुढे करतो!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की दिनकररावांना पुढचे बोलताच येईना. ते "अहो, खरंच" म्हणत, तर टाळ्या वाढत. योगिनीबेननी डोळे टिपत माइक घेतला. "केवढा मोठेपणा! स्वतःची मैफल आजारी भावाला देऊन टाकली. आजकाल कोण देतं?" शाल आली, नारळ आला. दिनकरराव खाली उतरले तेव्हा त्यांच्या नावावर आधीची मैफल होतीच, वर तिचे दानही जमा झाले होते. अहल्याबाईंनी शाल घडी करून पिशवीत टाकली आणि नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला. असे त्या सहसा करत नसत.

गाणे सुरू झाले. गाणारी मुलगी पंचविशीतली होती, दोन तंबोऱ्यांमध्ये नीट बसलेली. सकाळची वेळ, तोडीच लावली होती. दिनकरराव ऐकत नव्हते. आपण आठवण परत द्यायला गेलो आणि घेणाऱ्यानेच दार लावून घेतले, एवढेच त्यांच्या डोक्यात फिरत होते. आता ती कोणाचीच नव्हती.

पाऊण तास झाला असेल. मुलगी एकाएकी थांबली. तंबोरे चालू होते. तिने पुढच्या रांगेकडे पाहून हात जोडले.

"माफ करा," ती म्हणाली, "या आजोबांच्या डोळ्यांतलं पाणी बघून मला पुढे गाता येईना. यांना समजलंय."

सगळे सभागृह वळले. वसंतरावांच्या गालांवरून खरेच धारा लागल्या होत्या. ताठ बसले होते, गुडघे घट्ट जुळवून, मुठी मांडीवर आवळून. देवश्रीने तोंडावर पदर धरला. योगिनीबेन फोनवर फोटो काढायला लागल्या.

दिनकररावांनी भावाच्या गुडघ्यांकडे पाहिले. ते कानाशी वाकले.

"दादा, काय झालं?"

"लागली आहे रे. कधीची."

"मग उठायचं नाही का?"

वसंतरावांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की एवढेही कळत नाही या पोराला. "मधलं राहिलं असतं. घरी जाऊन दिनूला काय सांगणार?"

मुलीने पुन्हा सूर लावला. दिनकररावांनी भावाचा आवळलेला हात धरला.

वसंतरावांनी तो हात ओळखीच्या माणसाचा असावा तसा दाबला आणि कुजबुजले, "तुम्ही बसा इथं, मधलं ऐका. फक्त आधी मला मोरीपर्यंत नेता का जरा?"