शेवटचा गठ्ठा

सौरभने तिसऱ्यांदा केबल उपसली, तिच्या टोकावर फुंकर मारली आणि परत खोचली. नीलाताईंनी पासवर्ड टाकला. पडद्यावर तीच लाल ओळ आली: प्रवेश नाकारला.

"मॅडम, कॅपिटल अक्षर चुकत असेल तुमचं."

"चार वर्षं मीच टाकतेय ना? मग आजच कसं चुकेल?"

सौरभ स्कॅनिंगच्या सर्व्हरवाल्या कंपनीचा इंजिनिअर. नाचता येईना अंगण वाकडं, असंच त्याचं मत झालं होतं. पण क्लायंटसमोर तसं बोलायची सोय नव्हती. सकाळी नऊपासून तो अंधेरीतल्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात, रेकॉर्ड रूममधल्या टेबलांखाली वाकून वाकून बेजार झाला होता. हेड ऑफिसमधून फोनवर एकच मंत्र मिळत होता, बंद करून चालू करा. त्यातच अडीच तास गेले.

नीलाताईंचा पारा चढायला कारण होतं. जुन्या केसपेपरांचा शेवटचा गठ्ठा त्यांच्यापुढे तसाच पडला होता. कपाटामागून कपाट त्यांनी स्कॅन केलं होतं, आणि आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. हा गठ्ठा आपल्या हाताने, आपल्या नावावर संपवूनच उठायचं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

वैताग असा की शेजारच्या टेबलावर नव्या, तरुण श्रुतिकाचं लॉगिन झकास चालत होतं. गुणाजी आणि मार्तंड या दोघा जुन्या कारकुनांचं मात्र नीलाताईंसारखंच अडलं होतं.

"नेटवर्कला काही झालेलं नाही, सिनियर मंडळीच हँग झालीत," श्रुतिका हसत म्हणाली.

"तोंड चालतंय तेवढा हात चालव गं," नीलाताई म्हणाल्या.

सौरभने श्रुतिकाला नीलाताईंच्या खुर्चीत बसवलं. तिचं लॉगिन तिथेही झालं. नीलाताई तिच्या मशीनवर बसल्या, तर पुन्हा लाल ओळ. म्हणजे वायर ठीक होती. त्याने तिघांचे पासवर्ड बदलून दिले. फरक शून्य. शेवटी त्याने सर्व्हरवरची सगळ्यांच्या खात्यांची यादी उघडली आणि बोट लावून वाचत गेला. एका रकान्यात तिघांच्या नावापुढे एकच तारीख होती.

"खातं बंद, एकतीस मे," तो म्हणाला. "पगार विभागातून भरलीय. आणि सॉफ्टवेअरने काल रात्री बाराच्या ठोक्यालाच तिघांना बाहेर काढलं. काका, तुम्हीपण आजच रिटायर?"

"तिघांव आजच," गुणाजी म्हणाले.

"तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी?"

"एक जून. आमच्या गावच्या अर्ध्या शाळेचो त्याच दिवशी. गुरुजींनी लिवलो."

तारीख बदलायचा अधिकार पगार विभागातल्या शुभाला होता. ती या तिघांच्याच निरोप समारंभाच्या शाली आणायला गेली होती आणि तिचा फोन तिच्याच ड्रॉवरमध्ये वाजत होता. नीलाताईंनी कपाळावर हात मारला.

"मी एवढं करू शकतो," सौरभ हळू आवाजात म्हणाला. "गठ्ठा श्रुतिकाच्या नावावर टाकतो."

नीलाताईंनी गठ्ठ्याची नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

"टाक."

पडद्यावरचं नाव बदललं. श्रुतिका आता हसत नव्हती. तिने खुर्ची सरकवून जागा केली.

"ताई, पेपर तुम्ही लावा. मी नुसतं बटण दाबते."

पहिला कागद आत गेला. खाली बारीक अक्षरांत श्रुतिकाचं नाव उमटलं. दोघींनी ते वाचलं.

सौरभ केबल गुंडाळत होता. "मग खरा वाढदिवस कधी असतो, मॅडम?"

"श्रावणात. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी." नीलाताईंनी पुढच्या केसपेपरचा दुमडलेला कोपरा नखाने सरळ केला. "शाळेत घ्यायला अडीच महिने कमी पडत होते. आई रडकुंडीला आली, म्हणून गुरुजींनी वय वाढवून दिलं."

त्यांनी कागद स्कॅनरवर ठेवला.

"तेवढेच अडीच महिने आज हवे होते."